बोरिंगच्या पाण्यातला रॉबिन

करुणानं शेफील्डहून पाठवलेलं पार्सल
पोस्टमननं गिरणीच्या वजनकाट्यावरच ठेवलं.
सवयीनं मी आकड्याकडे पाहिलं.
शून्य.
हा काटा दहा किलोच्या खालचं काही मानत नाही.

आत पत्र्याची डबी, चोवीस पेन्सिली,
आणि तिच्या वॉर्डातल्या एका म्हातारीनं
घरी जाताना दिलेलं पुस्तक:
तिकडची पाखरं.

लाखांदूरच्या रस्त्यावर आमची धानाची गिरणी.
उन्हाळी धान येतं, ट्रक येतात,
मी वजन करतो, पावती फाडतो.
दोन ट्रकांच्या मधे जो वेळ उरतो
त्यात आता पाखरं बसू लागली.
आधी पावत्यांच्या पाठीवर नुसत्या रेघा.
मग साकोलीहून जाड कागद आणला.

ही पेन्सिल कोरडी असते तोवर
दुसरीतल्या पोराच्या हातची वाटते, भुरकट.
ओला ब्रश लागला की रेघ बुजते
आणि रेघ होती तिथे
पिसं.

पहिला काढला रेन.
लिंबाएवढा, शेपटी उभी,
आमच्या शिंप्याचा भाऊ,
फक्त शिवण न शिकलेला.
मग ब्लू टिट. निळी पेन्सिल निम्मी झाली.
मग रॉबिन,
त्याच्यापाशी आठ दिवस अडकलो.

पुस्तक छातीला लाल म्हणतं,
मला ती शेंदराकडे झुकलेली दिसते.
बावीस नंबरवर तेवीस चढवला,
ब्रश बुडवला,
पण मे महिना. पाणी कागदावर पोचेस्तोवर
अर्धं हवेत.
आणि जे पोचलं ते बोरिंगचं, खारं.
सुकल्यावर पायाशी पांढरे कण उठले.
चिडून कागद फाडणार होतो.
पुस्तकात पाहिलं तर
तिथेही त्याच्या पायाशी पांढरंच,
त्याला ते बर्फ म्हणतात.
राहू दिलं.

हिवराज पोतं टेकवून वाकला:
"भाऊ, ह्याले गुलाल कोनं लावला?
सरपंच झाला का हा?"

कुंपणाच्या तारेवर आमचा चिरक बसतो.
काळा. तांबडं आहे त्याच्याकडेही,
पण शेपटीखाली,
बाजाराला निघालेल्या बाईनं
कमरेला नोट खोचावी तसं.
करुणा फोनवर म्हणाली,
इंग्रजीत ह्यालाही रॉबिनच म्हणतात, मामा.
नाव ठेवणाऱ्या साहेबाला
घराची फार आठवण येत असणार.
त्यानं ह्याला मागूनच पाहिलं असणार.

पान एकशे बारा उलटलं
आणि हात थांबला.
हे तोंड मी ओळखतो.
कापलेल्या पेरूसारखं, मधे दोन काळ्या बिया.
कोंड्याच्या खोलीवर, पत्र्याखाली,
बारा वर्षं राहतंय हे.
हिवराज रात्री त्याचं नाव घेत नाही,
शेटजी घेतात, पण उंदरांच्या हिशेबात.
आणि इथे तेच,
इंग्रजांच्या गोठ्याच्या तुळईवर,
जणू आमच्या पत्र्याखालून उठून
पानभर जागा धरायला गेलं.

त्याच्यासाठी पुस्तक मिटलं.
संध्याकाळी खोलीच्या दारात खुर्ची टाकली,
वर ते डुलत होतं, एक डोळा किलकिला.
पांढरी पेन्सिल काढली, डबीतली सगळ्यात लांब,
आणि तशीच परत ठेवली.
चेहऱ्याला काही लावायचंच नव्हतं,
भोवतीचा अंधार लावत गेलो,
कागद सोडत गेलो.
चाळणी सुरू झाली. कोंडा उडाला,
ओल्या पंखावर चिकटला.
झटकला नाही.

मान एका बाजूला झाली की
त्याचीही होते, हे तेव्हा कळलं.

बाहेर हॉर्न.
ट्रक काट्यावर चढला,
चौदा टन तीनशे ऐंशी.
घाईत पावती फाडून दिली.
ड्रायव्हरनं ती घडी घालून
शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली
आणि रायपूरकडे लागला.
ट्रक वळणाआड गेल्यावर आठवलं,
त्या पावतीच्या पाठीवर
माझा पहिला रॉबिन होता,
बिनरंगाचा,
एक पाय अजून काढायचा राहिलेला.